सहा वाजल्यानंतरचं काम

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. ह्यांच्यापाशीसुद्धा नाही — आणि ह्यांना मी काय सांगत नव्हते? भाजीवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा तिखटमीठ लावून सांगायचे. शेवटचे पंधरा दिवस हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसून होते, तेव्हा दोनदा तोंडाशी आलं. दोनदा गिळलं. तिसऱ्यांदा ते ऐकायला राहिले नाहीत. मुलीला, मुक्ताला, सांगायचा तर प्रश्नच नव्हता. तिच्या लेखी तिची आई म्हणजे जगातली सगळ्यात सरळ बाई.

तुम्हाला सांगते, कारण तुमची माझी ओळख नाही. आणि कारण या संक्रांतीपासून तो आवाज बंद झालाय. आवाजाचं सांगते — पण आधी बाकीचं सांगू द्या. मला हे नीट जमत नाहीये. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका लिहिल्या, स्वतःची लिहायची सवय नाही.

दिल्लीत सरकारी नोकरी होती माझी. सैन्याच्या खर्चावर नजर ठेवणाऱ्या मुलकी खात्यात. म्हणजे असं बघा, वर्दीवाल्यांनी मागायचं आणि आम्ही बिनवर्दीच्यांनी विचारायचं. का हवं? इतकंच का हवं? गेल्या वर्षी दिलं त्याचं काय केलंत? सैन्य कितीही शूर असलं तरी तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला लावायची नाही, ती लोकांच्या माणसाकडे राहायला हवी — हे मला तेव्हाही पटत होतं आणि आजही पटतं. ते खोटं नव्हतं. खोटी मी होते.

ऑफिसात मला 'क्वेरी मॅडम' म्हणायचे. मला माहीत होतं, आणि खरं सांगू? आवडायचं. छातीवर रंगीत पट्ट्यांच्या ओळी लावलेला, माझ्याहून वीतभर उंच कर्नल फाइल घेऊन टेबलापुढे उभा राहायचा आणि मी चष्म्यावरून बघत म्हणायची, "कर्नल साहब, ये जस्टिफिकेशन तो मेरी बेटी भी लिख देगी." तो हसायचा, पण कान लाल व्हायचे त्याचे. संध्याकाळी घरी येऊन मी ह्यांना नक्कल करून दाखवायची. सांगलीच्या मास्तराची पोरगी, आणि कर्नलचे कान लाल करते! या सुखाचीही कबुली द्यायला हवी, कारण पुढचं त्यातूनच झालं.

आमच्याकडे अधूनमधून कार्यक्षमतेचा रिव्ह्यू निघायचा. सैन्याच्या ठाण्यांवर मुलकी माणसंही कामाला असतात — स्वयंपाकी, सुतार, नळाचं बघणारे. त्यातली कुठली पदं खरोखर लागतात आणि कुठली नुसती चालत आलीत म्हणून चालू आहेत, ते बघायचं. एक नियम होता, आणि चांगला नियम होता. पद रद्द करायचं तर तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं त्या माणसाबरोबर, त्याच्या कामाच्या जागी, एक अख्खा दिवस काढायचा. तो काय करतो ते तासातासानं एका छापील शीटवर लिहायचं आणि शेवटी दोघांनी सह्या करायच्या. ऑफिसात त्याला 'साथवाला दिन' म्हणत. ज्याची भाकरी काढायची त्याच्याबरोबर एक दिवस बसा, एवढंच त्या नियमाचं म्हणणं होतं.

तर एका वर्षी मला पहाडातलं एक ठाणं आलं. नाव सांगत नाही. गाडीरस्ता संपतो तिथे खालचा तळ, आणि तिथून चार तास पायी चढून गेलं की वरचं ठाणं. मी खालच्या तळावरच्या रेस्ट हाउसमध्ये उतरले. पहिल्या दिवशी जीव खरंच घाबरा झाला, पायऱ्या चढले तरी छातीत धडधड. दुसऱ्या दिवशी जरा बरं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथला तरुण डॉक्टर आला, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला आणि म्हणाला, "बिल्कुल ठीक है मैडम. खच्चर भी तैयार है, आराम से जाइए."

मी म्हटलं, डोकं फार दुखतंय.

डोकं दुखत नव्हतं. खिडकीतून ती वाट दिसत होती — कड्याला खेटून गेलेली, खेचराच्या पावलाएवढी रुंद — आणि त्या वाटेवर मला पाऊल टाकायचं नव्हतं. भ्याले मी. एवढंच. भिणं हा गुन्हा नाही हो, मला कळतं. 'मला नाही जमत, दुसऱ्याला पाठवा' असं एका ओळीचं पत्र लिहिलं असतं तर कुणी फासावर दिलं नसतं. पण क्वेरी मॅडम भ्याल्या म्हणून परत आल्या — कर्नल लोक काय म्हणाले असते? मग मी शहाणपणा केला. वर निरोप पाठवला की मॅडमची तब्येत बरी नाही, तपासायची माणसं एकेक करून खाली पाठवा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त मी उंटावरही चढले नव्हते.

सगळ्यात शेवटी हरकसिंग आला. पन्नाशीचा, गालांची कातडी थंडीनं तडकलेली, कानटोपी हातात धरून दारात उभा. चार तास उतरून आला होता आणि पुन्हा चार-पाच तास चढून जायचा होता. खिशातून त्यानं चार अक्रोड काढून माझ्या टेबलावर ठेवले. घरून आलेत म्हणाला. त्याच्या बगलेत हातभर लांबीची एक लोखंडी कांब होती, टोकाला गोळा असलेली.

त्याचं काम काय, तर बुखारी. वर प्रत्येक खोलीत रॉकेलची एक शेगडी असते, तिला बुखारी म्हणतात. तिचा धूर पत्र्याच्या पाइपातून छपराबाहेर जातो. बर्फ पडलं की पाइपाचं तोंड बुजतं आणि मग तो धूर खोलीतच फिरतो. त्यातल्या विषाला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपतो आणि तसाच राहतो. तर हरकसिंग अंधार पडला की खोल्याखोल्यांवरून फेरी मारायचा. बाहेरून पाइपावर कांबीनं तीन ठोके द्यायचे, म्हणजे साठलेलं बर्फ गळतं. मग थांबायचं. आतल्या माणसानं मग्यानं, चमच्यानं, कशानंही, पाइपावर उलट तीन ठोके द्यायचे. म्हणजे आत सगळे जागे आहेत, शुद्धीवर आहेत. उत्तर आलं नाही तर पुन्हा ठोकायचं. तरी आलं नाही तर दार उघडायचं. रात्रभर अशा फेऱ्या.

"शाम को बुखारी जलती है, मैडम, तब मेरा काम शुरू होता है." — हे त्यानं सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. 'मला कल्पना नव्हती' म्हणायला मला जागाच नाही.

मला नीट कळावं म्हणून त्यानं करूनही दाखवलं. रेस्ट हाउसमध्येही बुखारी होती. तो बाहेर गेला. ठक, ठक, ठक. मी शाल गुंडाळून खुर्चीत बसले होते, अक्रोड फोडत. मला गंमत वाटत होती. मी काही ठोकलं नाही. पुन्हा ठक, ठक, ठक. मी तशीच. आणि मग दार धाडकन उघडून तो आत आला. त्याचा चेहरा — अहो, भरदुपार होती, मी त्याला धडधाकट दिसत होते, तरी तो चेहरा घाबरलेला होता. म्हणाला, "जवाब आना चाहिए था, मैडम." आणि मी खळखळून हसले.

मग शीट भरली. छापील शीटवर वेळ छापलेलीच होती, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. 'कामाची जागा' याच्यापुढे मी लिहिलं, वरचं ठाणं. आणि सहा ते सहाच्या बारा रकान्यांत तो सांगेल तसं लिहीत गेले — झोप, जेवण, कांब साफ करणं, पुन्हा झोप, रॉकेलचे डबे मोजणं. सहा वाजले आणि कागद संपला. त्याचं काम तिथून पुढे सुरू होत होतं. वर गेले असते तर काय झालं असतं, ठाऊक आहे? अंधारात ती वाट बंद असते. मला रात्र वरच काढावी लागली असती. माझ्याही खोलीच्या पाइपावर ठोके पडले असते. मला न बघून चाललंच नसतं.

सहीला पेन हातात घेऊन त्यानं जागेपुढचं 'वरचं ठाणं' वाचलं. मग हळूच म्हणाला, "मैडम, पर आप तो ऊपर आईं ही नहीं."

"फॉर्मैलिटी है," मी म्हटलं. "चलो, साइन करो, तुम्हें देर हो जाएगी."

त्यानं एकेक अक्षर जोडून सही केली. मी अक्रोडाची टरफलं कागदात गुंडाळून त्याच्याच हातात दिली, बाहेर टाक म्हणून.

दिल्लीला येऊन मी नोट लिहिली. 'प्रत्यक्ष पाहणीत सदर कर्मचारी दिवसभर जवळजवळ कामाविना आढळला. बुखारीची देखभाल खोलीतले लोक स्वतः करू शकतात.' आणि चहाच्या वेळेला सेक्शनमध्ये नक्कल करून दाखवली — कसा तो ठोकतो, कसा थांबतो, कसा घाबरून दार उघडतो. नाव मीच ठेवलं त्याचं, ठोकसिंग. खोखो हसले सगळे. सरकार एका माणसाला पाइप वाजवायचा पगार देतं, यार! साहेबांनी नोटेवर हिरव्या शाईनं शेरा मारला, उत्तम निरीक्षण. निरीक्षण! पद रद्द झालं.

मग दिवाळीच्या आसपास त्याचा अर्ज आला. वहीच्या कागदावर, हिंदीत. मॅडम वर आल्याच नव्हत्या, माझं काम संध्याकाळनंतरचं आहे, बर्फ पडायच्या आधी कुणीतरी एकदा येऊन बघावं, अशी विनंती. स्वतःच्या नोकरीचं त्यात शेवटी एकच वाक्य होतं. आणि तो अर्ज कुठे आला? माझ्याच टेबलावर, अभिप्रायासाठी. आमच्याकडची रीतच ती. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाच विचारायचं की बाबा, खरं आहे का हे? सगळ्या क्वेऱ्या करणाऱ्या बाईनं त्या अर्जावर तीन ओळी लिहिल्या. अर्जातलं म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही. अर्जदार पद वाचवण्यासाठी लिहीत आहे. शीटवर त्याची स्वतःची सही आहे.

तो अजून वरच होता तेव्हा. माझ्या तीन ओळी गेल्या आणि त्याला खालच्या कोठारात हलवलं.

त्याच थंडीत वरच्या ठाण्यावर एका खोलीत तीन जवान सकाळी उठले नाहीत. बर्फानं पाइप बुजला होता.

मी ती बातमी पेपरात वाचली, आतल्या पानावर बोटभर होती. पोहे खात होते. आणि खरं सांगते — पहिला विचार त्या तिघांचा आला नाही. पहिला विचार आला, शीट कुठल्या फाइलीत आहे?

चौकशी बसली. महिन्याभरानं मला पत्र आलं, अगदी सभ्य भाषेत. पद रद्द करण्यापूर्वी कामाच्या जागी प्रत्यक्ष पाहणी झाली होती काय? मी उत्तर दिलं, होय. शीटची प्रत सोबत जोडली आहे. खरं सांगायची ही दुसरी संधी होती, आणि मला ते कळत होतं. 'होय' लिहायला किती वेळ लागतो? मी ते पत्र टाइप करायलाही दिलं नाही, स्वतः लिहिलं.

चौकशीचा निष्कर्ष काय निघाला? पाहणी नियमाप्रमाणे झालेली, पद नियमाप्रमाणे रद्द झालेलं. मग चूक कोणाची उरली? तिघांनी झोपताना हवेसाठी ठेवलेली भिंतीतली झडप उघडी ठेवली नाही. त्यांचाच निष्काळजीपणा. मेलेल्या माणसांना कुणी क्वेरी करत नाही.

आवाज त्यानंतर सुरू झाला.

आम्ही तेव्हा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो, सगळ्यात वरच्या मजल्यावर. मुक्ता दहावीत होती. एका संध्याकाळी ती अभ्यास करता करता ओरडली, "आई, ऊपरवाले कुछ ठोक रहे हैं, जरा सांग ना त्यांना!" मी पोळ्या करत होते. माझा हात तव्यावर तसाच राहिला, चटका बसला तेव्हा कळलं. कारण आमच्यावर कोणी राहत नव्हतं. वर नुसती गच्ची, आणि गच्चीला कुलूप.

ठक, ठक, ठक. मग शांत. बरोबर तेवढंच थांबणं, जेवढं कुणी उत्तराची वाट बघताना थांबेल. मग पुन्हा तीन. मग काही नाही. सहा वाजून गेल्यावर, थंडीचे चार महिने, कधी रोज, कधी आठवड्यात एकदा. ह्यांनी प्लंबर बोलावला. तो म्हणाला गीझरचा पाइप थंडीनं आकसतो, आवाज येतोच. पाइप बदलला. आवाज यायचा राहिला नाही. ह्यांना आणि मुक्ताला त्याची सवय झाली. मुक्ता तर म्हणायची, सहा बज गए, आपला टकटक आला. मी संध्याकाळची कामं मुद्दाम बाहेर काढायला लागले. सहा वाजले की बाजारात. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मला वाटायचं हरकसिंग गेला असणार. आणि त्याचा फेरा माझ्या दारावरून चाललाय. शेवटी न राहवून खालच्या तळावरच्या एका क्लार्कला फोन करून, इकडचं तिकडचं बोलत, विचारलं. तो हसून म्हणाला, हरकसिंग? तो तर पेन्शनीत गेला, गावी आहे, मजेत आहे, नातवंडं खेळवतो. फोन ठेवला आणि आधी हायसं वाटलं. मग लक्षात आलं, तो जिवंत आहे, तर मग ठोकतंय कोण? त्या संध्याकाळी मी दोन्ही कानांवर उशी दाबून पडून राहिले.

रिटायर झाल्यावर आम्ही नोएडात फ्लॅट घेतला. अकरावा मजला, नवी कोरी बिल्डिंग, म्हटलं सुटले. पहिल्या थंडीत, दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरायचे होते, तेव्हा आवाज आला. मी टॉर्च घेऊन घरातला पाइपन्‌पाइप बघितला. एकूणएक प्लॅस्टिकचे. प्लॅस्टिकवर ठोकलं तर भद्द वाजतं, मी ठोकून बघितलं. हा आवाज पत्र्याचा होता.

त्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, त्याच्या पुढच्याच वर्षी हे गेले. मुक्ता गुरगावला नोकरीला, शनिवार-रविवारची येते. बाकी घरात मी आणि ते ठोके.

आता शेवटचं, या वर्षीचं. इथली आपली मराठी मंडळी दर संक्रांतीला पानिपतला जातात, काला अंबला, तिसऱ्या लढाईतल्या माणसांना नमस्कार करायला. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनासमोरून सकाळी बस सुटते. मी दरवर्षी जाते आणि दरवर्षी तिथे माझं दहा मिनिटांचं भाषण असतं. विषय काय, तर रसद! उपाशी फौज, रिकामी पोटं, आणि पाठीमागे त्यांची विचारपूस करायला कुणी नाही. माझं एक ठरलेलं वाक्य आहे, "ही माणसं नुसती तलवारीनं नाही मेली, ती कुणी विचारलं नाही म्हणून मेली." टाळ्या पडतात. मुनिरकाहून आलेली, सरकारी परीक्षांची तयारी करणारी पोरं ते वहीत लिहून घेतात आणि मला मॅडम, मॅडम करत निबंधाचं मार्गदर्शन विचारतात. बघा कसं असतं. त्या जागी उभी राहून हे वाक्य मी म्हणायची, मीच.

या वर्षी धुकं असं होतं की सकाळचे अकरा वाजले तरी स्मारकाचा खांब मधूनच दिसायचा आणि मधूनच नाहीसा व्हायचा. भाषण झालं. टाळ्या कुठून येतायत तेसुद्धा दिसत नव्हतं. मी पायऱ्या उतरले, आणि धुक्यातून एक म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. धोतर, वर खाकी स्वेटर, डोक्याला मफलर. हात जोडून म्हणाला, "ताई, लई बरोबर बोलला तुमी. कुणी इचारलं न्हाई म्हणून मेली."

जतकडचा होता. त्याचा मुलगा फौजेत होता. त्याच पहाडात, त्याच ठाण्यावर, त्याच खोलीत. सांगायला लागला आणि मी उभी होते तिथेच उभी राहिले. पोरगा गेला ती जागा बघायची फार इच्छा आहे म्हणाला, पण वर जाऊ देत नाहीत. म्हणून दरसाल इथे येतो — लढाईत गेलेल्या मराठी माणसांची जवळची जागा हीच, असं त्याला वाटतं. वर जायला मिळावं म्हणून त्यानं तीनदा अर्ज केला होता, ताई. — मी स्वतःलाच ताई म्हणतेय बघा, त्याचा आवाज डोक्यातून जात नाही.

"सरकारचा कागद आला," तो म्हणाला, "की त्येचीच चूक. झडप उगडली न्हाई. पर माझं पोरगं तसं न्हवतं हो. घरात चूल इजली का न्हाई ते दोनदा बघून झोपायचं. त्येचा जोडीदार भेटाया आला हुता, त्येनं सांगितलं. बाबा, म्हणला, त्यो पाइपाजवळ पडला हुता. हातात मगा हुता. पाइपाला आतनं पोचे पडलं हुतं. त्यो ठोकत हुता. शुद्ध हुती तवर ठोकत हुता."

मी हो हो करत मान हलवत होते. पाइपाला आतून पोचे.

इतकी वर्षं मी समजत होते, माझ्या घरात कुणीतरी बाहेरून ठोकतंय.

म्हाताऱ्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात तिळगूळ होता. संक्रांत ना! माझ्या हातावर दोन दाणे ठेवले, म्हणाला, "गोड बोला ताई." आणि माझ्या पाया पडायला वाकला — सरकारातल्या मोठ्या बाई म्हणून, की भाषण आवडलं म्हणून, मला माहीत नाही. मी त्याला वाकू दिलं. मी काय बोलले, सांगू? "फार वाईट झालं हो." त्याच्या पोराची चूक नव्हती, हे सांगू शकणारं माणूस त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभं होतं. त्यानं त्याच पुडीच्या कागदावर आपला फोन नंबर लिहून दिला, कधी वर जायची काही ओळख निघाली तर कळवा म्हणून. मग बसचा हॉर्न वाजला आणि तो धुक्यात गेला.

मी संध्याकाळी घरी पोचले. चपला न काढता स्वयंपाकघरात गेले, लोखंडी तवा आणि उलथनं घेतलं आणि टेबलाशी बसून राहिले. सहा वाजले. सव्वासहाला आलं. ठक, ठक, ठक. आणि ते थांबणं. मी उलथन्यानं तव्यावर तीन ठोके दिले. तिसरा नीट वाजलाच नाही.

दुसरे तीन आले नाहीत. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतर कधीच नाही.

तुम्हाला वाटेल, सुटले. मलाही दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी ती शांतता सोसेना. आता रोज सहा वाजल्यानंतर मीच ठोकते. तीन. मग थांबते. पुन्हा तीन. शेजारचे काय म्हणत असतील ते म्हणोत. तिळगूळ अजून वाटीत आहे, फोन नंबरचा कागद वाटीखाली. मी फोन केलेला नाही. चौकशीचं ते पत्र कुठल्या फाइलीत आहे ते मला अजून पाठ आहे, तिथेही खरं काय ते मी लिहून पाठवलेलं नाही. त्या घरात अजून सरकारचा कागद आहे, पोराचीच चूक म्हणणारा.

मी ठोकते आणि ऐकत बसते. उत्तर येत नाही. उत्तर आलं नाही तर काय करायचं, ते हरकसिंगनं मला करून दाखवलं होतं. दार उघडायचं.

ते दार वर आहे, चार तासांच्या चढावर. मी तिथे कधी गेलेच नाही.